सोमेश्वर फौजीची मिरवणूक

तलवाड्याच्या पंडितरावांचा सोमेश्वर सतरा वर्षं फौजेत होता, असं सगळं गाव धरून चाललं होतं. तो फौजेत नव्हता हे अख्ख्या तलवाड्यात एकट्या त्याच्या बायकोला, दिपालीला, ठाऊक होतं. आणि आपल्याला ठाऊक आहे हे सोमेश्वरला कळलेलं नाही, असा दिपालीचा समज होता.

तिला कळून नऊ वर्षं झाली होती. लेक ज्ञानेश्वरी तेव्हा चार वर्षांची. डेंग्यूनं फणफणलेली, बीडच्या एका दवाखान्यात सलाईनवर. भर दुपारी दिपालीनं नवऱ्याला फोन लावला. नवरा जम्मूला होता. फोन दुसऱ्याच माणसानं उचलला.

"सोमेश्वर का? टाकीची मोटर लावायला गेलाय बी विंगला. गेटवर आला की सांगतो."

मागं गाडीचा हॉर्न वाजत होता आणि कुणी बाई मराठीतच ओरडत होती, "वॉचमन, पेपरवाल्याला सांगा, आजपासून बंद!" दिपालीनं फोन ठेवून दिला; नंतर सासूबाईंनी लावून पोरीचं कळवलं. दिवस मावळून घटकाही झाली नाही तोच सोमेश्वर बीडला हजर. "साहेबांनी विमानानं पाठवलं," म्हणाला. सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, ते विमान पुढं सहा महिने गावभर फिरवलं.

त्या रात्री तो खाली फरशीवर बसून लेकीचा पाय हातात धरून राहिला. अशा माणसाला आत्ता काय विचारायचं, असं दिपालीला वाटलं. उद्या विचारू. उद्या पोरीचा ताप उतरला आणि त्याची सुट्टी संपली. मग पुढच्या खेपेला विचारू. पुढच्या खेपेला दिवाळी होती. न विचारण्याचीसुद्धा माणसाला सवय लागते.

विचारलं नाही, पण तिनं शोधलं. त्याच्या ट्रंकेच्या तळाशी, अस्तराखाली एक जुना कागद होता. भरती झालेला, ट्रेनिंगलाही गेलेला. तिसऱ्या महिन्यात गुडघा गेला आणि अनफिट ठरवून घरी पाठवलेला. कागदावरची तारीख त्यांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची. त्याच ट्रंकेत घडी घातलेला एक निळा शर्ट, खिशावर पुण्यातल्या एका सोसायटीचं नाव शिवलेलं. दिपालीनं कागद होता तसा ठेवला, शर्टाची घडी होती तशी घातली.

तो घरी का आला नसेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो भरती झाला तेव्हा गावानं त्याला हलगी लावून, गुलाल उधळून गेवराईच्या स्टँडवर नेऊन सोडलं होतं. वीस वर्षं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या पंडितरावांनी त्याच दिवशी चावडीसमोर सांगितलं, "औंदापासून आपन उसाला जानार न्हाई. आपन फौजीचा बाप हाव." अशा गावात तीन महिन्यांनी लंगडत परत यायला वेगळी छाती लागते. सोमेश्वर पुण्यापर्यंत आला आणि तिथंच उतरला.

पुढं सगळं बिनबोभाट चाललं. वर्षातून दोनदा बारीक केस कापून तो यायचा. येताना गावातल्या चार जणांसाठी कॅन्टीनच्या म्हणून बाटल्या आणायचा, आईला साबणाचा खोका. पोरांना बर्फाच्या गोष्टी सांगायचा. दिपाली ऐकत बसायची. तो इतकं बारीकसारीक सांगायचा की कधीकधी तिलाच वाटायचं, तो कागद आपण चुकीचा वाचला असेल.

मग तालुक्यातल्या त्याच्या बरोबरच्या पोरांची नोकरी भरत आली. गेवराईच्या तरुण मंडळाचा सत्यम एक दिवस घरी आला. उमापूरचे दोन जवान निवृत्त होऊन येत होते. त्यांच्यासोबत सोमेश्वरदादाचाही सत्कार ठेवायचा, शहरातून मिरवणूक काढायची, असं मंडळाचं ठरलं होतं.

"वहिनी, दादाची बी सतरा भरली ना?" सत्यमनं विचारलं.

दिपालीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती काही बोलायच्या आत पंडितराव आतून सोमेश्वरचा फोटो घेऊन आले. "भरली तर! लेका, मी दिवस मोजलेत."

सोमेश्वरनं फोनवर बरंच टाळून पाहिलं. एक्सटेन्शन मिळतंय म्हणाला, साहेब सोडत न्हाईत म्हणाला. पंडितरावांनी त्याला बोलूच दिलं नाही. "आरं, स्टँडवर तुझं बॅनर लागलंय. उभ्या मानसाइतकं मोठं! आता कसलं एक्सटेन्शन? तू ये."

तो आला. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं, एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन. पिशवीत नवाकोरा गणवेश होता आणि छातीला लावायच्या पदकांची पट्टी. पंडितरावांनी ती पट्टी हातात घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिले. सोमेश्वर जेवला नाही. गाडी लागली म्हणाला.

सकाळी दिपाली गणवेशाला इस्त्री करत होती. सासूबाई बाहेर शेजारणींना नऊवारीचे काठ दाखवत होत्या. सोमेश्वर आत आला, दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ टेकवून उभा राहिला.

"दिपा, तुला एक सांगायचं हाय."

तिच्या हातातली इस्त्री थांबली. ते वाक्य ती नऊ वर्षं ऐकायला थांबली होती, आणि आज ते आलं तर तिला ते नको झालं. त्यानं सांगितलं, की मग ते खरं होणार. मग बाहेर जाऊन सासऱ्यांना काय सांगायचं? सत्यमला? सासूबाईंना? पोरगी वर्गात बापाच्या सत्काराचं सांगून आली होती, तिला? एवढी वर्षं घशात धरलेलं आजच्या आज ओकायचं, तेही मंडळाची जीप दारात आली असताना?

"आंघोळ करून घ्या आधी," ती म्हणाली. "पानी निवतंय."

"ऐक तर."

"आल्यावर ऐकते ना. कुठं पळून चाललेय का मी?"

तो दारापासून बाजूला झाला. मग, "बरं," म्हणाला आणि न्हाणीकडं गेला. गणवेशाच्या बाहीवर इस्त्री जास्त वेळ राहिली होती, तिथं कापड चकाकायला लागलं. तिनं ओल्या फडक्यानं ते पुसून काढलं.

गेवराईत अकराच्या उन्हात मिरवणूक निघाली. झेंडूनं मढवलेली उघडी जीप, पुढं डीजे, त्याच्या पुढं हलगीवाले, मुलींचं लेझीम. बाजारतळाच्या तोंडाशी जेसीबी उभा केलेला. त्याच्या सोंडेतून जीपवर फुलं पडायची. जीपच्या पुढच्या भागात दांडीला धरून तिघं जवान उभे होते, मागच्या बाकावर त्यांच्या बायका. जवानांच्या शेजारी माजी सैनिकांचे पुढारी, सुभेदार अमरसिंह. सत्तरीचा ताठ म्हातारा, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी. दोन्ही बाजूंनी लोक मोबाईल उंच धरून होते. बायका माडीवरून कुरमुरे आणि फुलं टाकत होत्या. उमापूरचा एक जवान रडत होता आणि हसतही होता. सोमेश्वरचा हात सारखा कपाळाशी जात होता, सलाम करायला. गळ्यात इतके हार झाले होते की त्याची हनुवटी दिसत नव्हती.

एका दवाखान्यासमोर डीजे बंद केला. एकदम शांत झालं, नुसती जीपची घरघर. तेवढ्यात सुभेदारांनी सोमेश्वरच्या गळ्यातला हार जरा बाजूला सारला आणि त्याच्या छातीकडं पाहिलं. दिपाली पाठीमागं हातभर अंतरावर बसली होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ही कशाची फीत लावलीस?"

सोमेश्वरनं हार पुन्हा छातीवर ओढला.

"ही एकाहत्तरच्या लढाईची हाय. माझ्या मोठ्या भावाच्या छातीवर होती ही. तू तवा जन्मला बी न्हवतास." सुभेदारांनी आवाज चढवला नाही. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलं, कारण लोक फोटो काढत होते. "कुठं घेतली?"

"पुन्यात. दुकानात." सोमेश्वर म्हणाला. "तो म्हनला, सगळ्या चालतेत."

"नोकरी किती केलीस?"

"तीन महिने."

सुभेदारांनी समोर हात हलवला. कुणीतरी त्यांच्या नावानं घोषणा दिली होती. मग ते म्हणाले, "पुढं शहिदांचं स्मारक हाय. तिथं तुमी तिघांनी फुलांचं चक्र वाहायचंय. त्या दगडावर माझ्या पलटनीतल्या एका पोराचं नाव हाय, मीच आनला त्याला पेटीतून. या कपड्यात त्या दगडाला हात लावू नको. मी कुनाला बोलनार न्हाई. तुझं तू बघ."

सोमेश्वरनं मान वळवून मागं पाहिलं. तो दिपालीलाच पाहत होता. हिनं ऐकलं का, हे शोधत होता. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. हात पुढं करून त्याच्या पाठीला लावला असता. तिच्या मनात आलंही. पण शेजारी उमापूरची बाई होती, समोर माणसांचा समुद्र होता आणि सगळे मोबाईल त्यांच्याकडंच रोखलेले होते. दिपालीनं डोक्यावरचा पदर सावरला, वरच्या माडीकडं पाहिलं आणि तिथल्या बायकांना बघून हसली.

ते हसू त्यानं पाहिलं.

डीजे पुन्हा सुरू झाला. सोमेश्वरनं गळ्यातले हार एकेक करून काढले आणि मागं वळून तिच्या मांडीवर ठेवले. "पानी पिऊन येतो," म्हणाला. चालत्या जीपवरून तो अलगद उतरला. उतरताना तो जरा लंगडला. ते सतरा वर्षांत पहिल्यांदाच गावानं पाहिलं असेल, पण कुणाचं लक्ष नव्हतं. रसवंतीच्या शेजारच्या बोळात तो वळला. दिपालीला त्याची पाठ दिसली, मग गर्दी मध्ये आली.

स्मारकापाशी पंडितराव नवीन फेटा बांधून, दोन्ही हातांवर शाल धरून उभे होते. जीप आली. दोघंच उतरले. पंडितराव जीपच्या मागं जाऊन पाहून आले. सुभेदारांनी माईक घेतला आणि सांगितलं, "सोमेश्वरला उन्हानं चक्कर आली, त्याला दवाखान्यात नेलंय, काळजीचं कारन न्हाई." दिलेला शब्द त्यांनी पाळला. पुष्पचक्र दोघांनी वाहिलं. पंडितराव शेवटपर्यंत शाल धरूनच होते. सत्यमनं ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

त्या दिवसापासून सोमेश्वरचा फोन बंद. बोळाच्या टोकाशी लघवीच्या आडोशामागं गणवेश सापडला, नीट घडी घातलेला. तो दुसऱ्या कुणाच्या हाती न पडता सुभेदारांच्या हाती पडला आणि त्यांनी तो गुपचूप दिपालीकडं पोचवला. गावात लोक विचारायला लागले तेव्हा पंडितराव म्हणाले, "परत बोलावून घेतलं. बॉर्डरवर गडबड हाय." इतक्या सहज म्हणाले की रुक्मिणीबाईंनाही ते पटलं. दोन दिवसांनी त्याच शेजारणींना सांगू लागल्या, "जेवला बी न्हाई लेकरू, हाय तसं निघावं लागलं."

अकराव्या दिवशी दिपाली माहेरी आष्टीला जाते म्हणून निघाली आणि पुण्याला गेली. खिशावरचं नाव तिला पाठ होतं. विचारत विचारत, दोन बस बदलून, ती हिंजवडीच्या वाटेवरच्या त्या सोसायटीच्या गेटवर पोचली. गेटवर निळ्या शर्टातला एक वयस्क वॉचमन खुर्चीत बसला होता. तिनं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"वहिनी ना तुमी? बसा, बसा." त्यानं आपलीच खुर्ची पुढं केली. "मी मुंजाजी. परभनीकडला. एका खोलीत ऱ्हातो आमी. ऱ्हात होतो."

"इथं आलते का ते?"

"न्हाई हो. पंधरा दिवस झाले, नोकरी सोडून गेला. कायमचा गावाकडं चाललो म्हनला. आमी पेढे वाटले की गेटवर." त्याचा चेहरा उतरला. "घरी न्हाई का पोचला?"

दिपाली खुर्चीत बसली. मुंजाजीनं केबिनमधून पाणी आणलं, चहा सांगितला. गाड्या येत जात होत्या, तो मध्येच उठून दांडा वर करायचा आणि पुन्हा येऊन उभा राहायचा. तिनं विचारलं, ते कधी काही बोलायचे का, घरचं, माझं.

"तुमचंच बोलायचा," मुंजाजी म्हणाला. "आमाला समदं ठाव होतं, फौजेचं. त्यानंच सांगितलं. लई हसायचो सुरवातीला. मग न्हाई हसलो." त्यानं दांडा खाली केला. "म्हनायचा, मुंजाजी, तिला कळलेलं हाय. पोरगी आजारी होती तवा तिनं फोन केलता, तो मीच उचललेला, वहिनी. मी आपलं सरळ सांगून टाकलं, मोटर लावायला गेलाय म्हनून. मला काय ठाव! तो म्हनायचा, कळलंय तिला, पन विचारत न्हाई. मी म्हनलं, तर मग तू सांग. तर म्हनला, तिनं एकदा विचारलं तर मी एका दमात सांगून टाकीन. एकदा बी विचारत न्हाई. म्हंजी तिच्या लेखी मी काय ऱ्हायलो असंल?"

चहा आला. दिपालीनं कप हातात घेतला तो साय धरेपर्यंत तसाच होता. मुंजाजीनं खोलीवर चलता का, त्याची गादी अजून तशीच हाय, असं विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. तिला ती गादी पाहायची नव्हती. ती तशीच उठली आणि स्टँडकडं चालायला लागली. मागून मुंजाजी ओरडला, "भेटला की फोन करा, वहिनी!"

गावी आल्यावर तिनं पंडितरावांना एवढंच सांगितलं, "मामा, ठान्यात जाऊन तक्रार द्यावी लागंल. मानूस हरवलाय."

पंडितराव म्हणाले, "हरवला कावून म्हनतीस? ड्यूटीवर हाय त्यो."

"चला तुमी."

ते आले. का आले, कोण जाणे. ठाण्यात एक तरुण जमादारीण होती. तिनं फॉर्म काढला, नाव विचारलं, वय विचारलं, उंची विचारली. मग विचारलं, "काय करायचे?"

"फौजी," पंडितराव म्हणाले. "लिवा, फौजी. सतरा वर्षं."

जमादारीण लिहायला लागली.

"न्हाई," दिपाली म्हणाली. "वॉचमन. पुन्याला, सोसायटीत. तसंच लिवा." एकदा सुरू केल्यावर तिला थांबता येईना. "फौजेत तीनच महिने होते. गुडघा गेलता. मला नऊ वर्षं झाली ठाव हाय. आमी कुनी विचारलं न्हाई त्यास्नी. मी बी न्हाई विचारलं."

पंडितराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी शिवी दिली असती, हात उचलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. ते उठले, फेट्याचा शेमला खांद्यावर टाकला आणि बाहेर पडले. खिडकीतून ती त्यांना रस्त्यानं जाताना बघत होती. वाटेत कुणीतरी त्यांना हाक मारली, "राम राम, आबा! काय म्हनतो फौजी?" त्यांनी हात वर केला नाही. त्यानंतर ते पारावर कधी बसले नाहीत. सुनेशी बोलले नाहीत. पोरीनंही शाळेतून आल्यावर आईला एवढंच विचारलं, "मग माझ्या वर्गात काय सांगू?" आणि उत्तराची वाट न पाहता आजीजवळ जाऊन बसली.

ठाण्यातली जमादारीण मात्र त्या दिवशी समजूतदारपणे वागली. तिनं आधीचं खोडलं, नव्यानं लिहिलं, वाचून दाखवलं आणि म्हणाली, "फोटो लागेल, ताई. सगळीकडं पाठवायला. पण गणवेशातला नको. साध्या कपड्यातला आणा. लोकांनी ओळखायला पाहिजे ना."

दिपाली घरी आली. कपाट उपसलं, भिंतीवरच्या चौकटी उतरवल्या, ज्ञानेश्वरीच्या बारशाचा अल्बम पाहिला, मोबाईलमधले सगळे फोटो पाहिले. बारशाला तो गणवेशात होता. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात गणवेशात. दिवाळीत, जत्रेत, दिराच्या लग्नात, देवीच्या पायऱ्यांवर, सगळीकडं गणवेशात. पंडितरावांची हौस म्हणून. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यानं तोच घातला होता. शेवटी एक सापडला, गावच्या विहिरीवर पोरांबरोबर काढलेला, बनियनवरचा. त्यात त्याचा चेहरा एवढा बारीक होता की मोठा केल्यावर नुसते ठिपके उरले. तोच तिनं ठाण्यात नेऊन दिला.

त्याला आता चौदा महिने झाले. त्या फोटोवरून अजून कुणी त्याला ओळखलेलं नाही.